शेवटची मुलगी जाईपर्यंत

खो-खो मी आयुष्यात एकदाही खेळले नाही. तरी ठाण्याच्या आमच्या मुलींच्या शाळेतला खो-खोचा संघ सात वर्षं माझ्याकडे होता. झालं असं, की व्यायाम शिकवणाऱ्या बाई लग्न होऊन नागपूरकडे गेल्या आणि त्यांच्या जागी कोणी मिळेना. स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. मुलींना ड्रिल शिकवायला शिकलेली बाई मिळणं तेव्हा सोपं नव्हतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं आणि माझ्यापाशी येऊन त्यांची नजर थांबली.

"तुम्ही टेंभी नाक्यावरच राहता. घरी जायला तुम्हाला पाच मिनिटं. संध्याकाळी तासभर थांबायला तुमची हरकत नसावी."

हरकत होती. मी भूगोल शिकवायची. घरी दोन लहान मुलं, सासूबाई आणि मुंबईच्या कचेरीतून सातला परतणारा नवरा. पण नाही कसं म्हणावं याची जुळवाजुळव मनात होईपर्यंत त्या पुढच्या विषयाकडे वळल्या होत्या.

पहिले सहा महिने मी संघाकडे नुसती नावाला होते. दहावीतली एक मुलगी संघाची कप्तान होती. उंच, काळीसावळी, लांब हातांची. परकर खोचून ती धावायला लागली की बघत राहावं. सूर मारून खांब असा धरायची, की धूळ खाली बसायच्या आधी पुढची मुलगी बाद. तिचे वडील गिरणीत कामाला होते. मुलींना काय शिकवायचं, कोणाला कुठल्या पाटीवर बसवायचं, सगळं तीच बघे. मी वरच्या वर्गात खिडकीपाशी बसून वह्या तपासायची, मधूनच खाली नजर टाकायची. मुलींचा आवाज आला की सगळं ठीक चाललंय असं समजायची. ही सवय मला जुनीच होती. संघ माझ्याकडे येण्याआधीही कितीतरी संध्याकाळी मी त्याच खिडकीशी वह्या तपासत बसलेली असायची, कारण घरी दोन मुलांच्या गलक्यात ते काम होत नसे.

त्या वर्षी आठवीत एक नवी मुलगी आली होती. कळव्याच्या प्राथमिक शाळामास्तरांची मुलगी. कळवा तेव्हा खेडंच होतं. खाडीचा पूल ओलांडून ती रोज चालत शाळेला यायची आणि चालतच परत जायची. बारीक, चपळ, दोन लांबसडक वेण्या. कप्तानाने तिला महिन्याभरात संघात घेतलं.

थंडीचे दिवस होते. सहामाहीच्या वह्यांचा ढीग उरकता उरकता मला उशीर झाला. खाली सगळं शांत होतं. मी मागच्या फाटकाने निघाले तर मैदानात खांबाला टेकून कोणीतरी बसलेलं दिसलं. जवळ गेले. कळव्याची मुलगी. दोन्ही वेण्या खांबाच्या मागे नेऊन एकमेकींत गुंफल्या होत्या आणि त्यांना रिबिनींच्या गाठी मारल्या होत्या. हात मोकळे होते. ते मागे नेऊन ती गाठ चाचपडत होती.

"कोणी केलं हे?"

"कोणी नाही बाई. मीच बसलेय."

मी वाकून गाठीला हात लावला. रिबिनी ओल्या होत्या. आधी पाण्यात भिजवून मग आवळल्या होत्या, म्हणजे वाळता वाळता गाठ अशी घट्ट व्हावी की नखाने सुटू नये. मी अंबाड्यातला आकडा काढला आणि गाठ कोरत बसले. अंधार पडायला लागला होता. मला दहा मिनिटं लागली असतील. वेण्या सुटल्या तेव्हा खांबाच्या खरखरीत लाकडाला केसांचा एक पुंजका चिकटून राहिला होता. तिने तो पाहिला आणि पटकन काढून मुठीत घेतला.

एवढ्या उशिरा तिला एकटीला पुलावरून कशी सोडायची, म्हणून मी तिच्याबरोबर चालत निघाले. पुलावर वारा सुटला होता, तिथे तिनेच सांगायला सुरुवात केली. संघात नवी मुलगी आली की तिला 'खांब देतात'. खो देतात तसा खांब. वेण्या बांधायच्या आणि सगळ्यांनी निघून जायचं. जी आपली आपण सुटली ती पक्की. बाकीच्या पाव तासात सुटल्या होत्या म्हणे. हिचे केस लांब, म्हणून हिला वेळ लागला.

"आणि आज नसतीस सुटली तर?"

"सुटले असते बाई. सगळ्या सुटतात." मग म्हणाली, "कोणाला सांगू नका हं. मला संघातून काढतील."

पलीकडे तिचे वडील हातात कंदील घेऊन उभे होते. "सराव लांबला," असं मीच सांगून टाकलं. का सांगितलं ते मला नीट सांगता येत नाही. परत येताना मी चालून दमले होते आणि पोळ्या व्हायच्या होत्या, एवढं आठवतं. घरी पोचले तर सासूबाईंनी कणीक मळून पोळ्या करायला घेतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी संघाला ओळीत उभं केलं आणि अर्धा तास बोलले. आपण एकमेकींच्या बहिणी आहोत, देश आता आपला आहे, उद्याच्या माता तुम्ही, असलं सगळं. आज त्यातला शब्दही मला ऐकवणार नाही. मुली माना खाली घालून उभ्या होत्या. बोलून झाल्यावर कप्तान पुढे आली आणि म्हणाली, "चुकलं बाई. परत नाही होणार." तिचा चेहरा इतका सरळ होता, की मला बरं वाटलं. काम झालं असं समजून मी वर वह्या तपासायला गेले.

खांब देणं खरंच थांबलं. पण मैदानावरचं थांबलं ते दुसरीकडे सुरू झालं, हे मला महिन्याभराने कळलं.

कल्याणच्या एका शाळेशी सामना होता. बारा मुली घेऊन मी दुपारच्या गाडीने गेले. कळव्याची मुलगी पळायला उतरली आणि पहिल्याच मिनिटात बाद झाली. पाय घसरला, बाकी काही नाही. आमच्या मुली थोड्यासाठी हरल्या. हरल्यावर कोणी काही बोललं नाही, कोणी रडलंही नाही, आणि मी मनात म्हटलं, किती समजूतदार मुली आहेत. कपडे बदलायला त्या शाळेने एक खोली दिली होती. मुली तिथे गेल्या, मी तिथल्या बाईंशी चहा घेत बोलत बसले. मग सगळ्या मिळून स्टेशनवर आलो.

फलाटावर मी मुली मोजल्या. अकरा.

"कळव्याची कुठाय?"

"मागून येतेय बाई," कप्तान म्हणाली.

गाडी आली. मागून कोणी आलं नव्हतं. मी दोन मुलींच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला समजलं. बाकीच्या मुलींना त्यांच्यातल्याच अकरावीच्या एकीच्या हवाली करून गाडीत बसवलं, आणि कप्तानाचं मनगट धरून परत शाळेकडे निघाले. सबंध रस्ताभर मी तिचं मनगट सोडलं नाही आणि तिनेही ते सोडवून घेतलं नाही.

खोलीला बाहेरून कडी होती. शिपाई म्हणाला, "सगळ्या गेल्या असं सांगून गेल्या ना मुली." मी कडी काढली. आत काळोख होता. ती भिंतीशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"अगं, हाक का नाही मारलीस? शिपाई बाहेरच होता."

"हाक मारली असती तर उद्या परत," ती म्हणाली. कप्तानाच्या देखत म्हणाली. मग उठून परकर झटकला आणि आमच्याबरोबर चालायला लागली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा खरोखर चिडले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या आधीच मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं, खांबासकट. मोठ्या बाई न्यायाच्या होत्या. त्यांनी मुलींना एकेकीला बोलावून विचारलं आणि निकाल दिला. कप्तानाला संघातून काढायचं, आठ दिवस शाळेत यायचं नाही, वडिलांना भेटायला बोलवायचं. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्हाला जास्त वाटतंय का?" मी नाही म्हटलं. मला ते तेव्हा जास्त वाटलंच नव्हतं.

वडील पाळी संपवून तसेच आले. कपड्यांवर गिरणीचा कापूस होता. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे. मुलीच्या जातीला मैदान कशाला, हे मी आधीपासून म्हणत होतो. हिची आई ऐकत नव्हती. आता आठ दिवस तरी कशाला, कायमचंच राहू दे."

"अहो, दहावी आहे. मॅट्रिकला एकच वर्ष राहिलंय," मोठ्या बाई म्हणाल्या.

"शाळेनेच काढलं म्हटल्यावर मी काय सांगू लोकांना?" असं म्हणून त्यांनी नमस्कार केला आणि गेले.

आठ दिवस झाले, दहा झाले, मुलगी आली नाही. पंधराव्या दिवशी मी त्यांच्या चाळीत गेले. वडील कामावर होते. आईने सतरंजी टाकली. ती माझ्याशी फार आदराने बोलली, त्यानेच मला अवघडून गेल्यासारखं झालं. चिपळूणकडचं स्थळ आलं होतं. मुलगा पोस्टात होता. वैशाखात लग्न.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका बाई," ती म्हणाली. "कधीतरी व्हायचंच होतं."

मुलगी चहा घेऊन आली. साडी नेसली होती. कप माझ्या हातात दिला आणि तिथेच उभी राहिली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "तू एवढी चांगली खेळणारी. का करायचीस गं असं?"

तिने आईकडे पाहिलं. आई आत गेली.

"मी आठवीत होते तेव्हा मलाही दिला होता ना खांब," ती म्हणाली. "पावसाळा होता. माझे केस ओले. दिवेलागण झाली तरी सुटेना. वर तुमच्या वर्गात दिवा होता बाई. खिडकीत तुम्ही दिसत होतात."

"मग हाक का नाही मारलीस?"

तेच विचारलं मी.

"मारली होती," ती म्हणाली. "दोनदा मारली. तुम्ही वहीतून मान वर केलीत आणि खिडकी लावून घेतलीत. पाऊस आत येत होता."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. जे झालं ते सांगावं तसं तिने सांगितलं. मी चहा संपवला. संपवायलाच हवा होता, नाहीतर आईला वाईट वाटलं असतं. ती संध्याकाळ आठवायचा मी खूप प्रयत्न केला. आठवली नाही. खिडक्या तर मी कितीतरी वेळा लावल्या असतील.

वडिलांना भेटायला मी आणखी दोनदा गेले. मोठ्या बाईंनी चिठ्ठीही दिली, शिक्षा मागे घेतो म्हणून. ते चिठ्ठी वाचून घडी करून खिशात ठेवायचे आणि "बघू" म्हणायचे. वैशाखात लग्न झालं. मला बोलावणं होतं. मी गेले नाही, मुलाला ताप आहे असा निरोप पाठवला.

जून उजाडला. संघात तीन नव्या मुली आल्या. कळव्याची मुलगी आता नववीत होती आणि संघातली सर्वांत चपळ. मी आता वर बसत नसे, मैदानाच्या कडेला दगडावर बसून वह्या तपासायची. पण एके दिवशी ऑफिसात काही सही करायला गेले होते. परत येताना नळापाशी तीच वाकून उभी दिसली. हातात दोन रिबिनी, नळाखाली धरलेल्या.

मी तिथेच थांबले. तिने मागे पाहिलं, आणि रिबिनी लपवल्यासुद्धा नाहीत.

"तू?" मी म्हटलं. "तुला माहीत नाही का काय होतं ते?"

"माहीत आहे म्हणूनच ना," ती म्हणाली. "आम्ही सोसलं बाई. ह्यांनी का नाही सोसायचं? फुकटच पक्क्या व्हायचं का ह्यांनी?"

माझ्या मनात गेल्या वर्षीचं ते सगळं भाषण एकदम आलं, आणि त्यातला एकही शब्द इथे उपयोगाचा नव्हता. मोठ्या बाईंकडे जायचं? हिचे वडील मास्तर, शिकलेले. तरी हिला शाळेतून काढणार नाहीत कशावरून? मी एक मुलगी घालवलेली होती. खरं सांगायचं तर मी थकले होते. नळ चालूच होता.

"नळ बंद कर," मी म्हटलं. "आण त्या इकडे."

तिने रिबिनी माझ्या हातात दिल्या.

"आता तू संघाची कप्तान," मी म्हणाले. ते मी ठरवून आले नव्हते, तिथेच सुचलं. "रोज सगळ्यात शेवटी तू आणि मी जायचं. बाकीची एकही मुलगी मैदानात राहिलेली असताना तुला घरी जायचं नाही. मला पण नाही."

"आणि मला कळव्याला पोचायला उशीर होईल तो?"

"सराव अर्धा तास आधी संपवू."

तिला ते पटलं असं मला वाटत नाही. पण कप्तानपद तिला हवं होतं.

पुढची वर्षं ही अशी गेली. सांगण्यासारखं त्यात फार नाही. पिण्याच्या पाण्याची घागर नव्या मुलीच भरायच्या, ती आता कप्तान आणि अकरावीच्या मुली भरू लागल्या. पहिले दोन महिने त्यांनी तोंडं वाकडी केली, नंतर विसरल्या. प्रत्येक नव्या मुलीला एक थोरली मुलगी नेमून दिली, आणि नवीला काही झालं तर मी थोरलीला विचारायची. कपडे बदलायच्या खोलीच्या दारात मी स्वतः उभी राहायची, सामना कुठेही असो. सामना हरला की त्या दिवशी कोणी कोणाला काही बोलायचं नाही, जे बोलायचं ते दुसऱ्या दिवशी सरावाला, माझ्यासमोर. असे साधे, कंटाळवाणे नियम. रोज पाळले तर चालत, एक दिवस सैल सोडले की काहीतरी निघायचंच.

घरी पोळ्या सासूबाईच करत राहिल्या. नवरा एकदा म्हणाला, "शाळा तुला याचं काही जास्त देते का?" मी नाही म्हटलं. त्याने परत विचारलं नाही. माझ्या धाकट्या मुलीला त्या वर्षांत शुभं करोति सासूबाईंनी शिकवलं.

मोठ्या बाई दरवर्षी विचारायच्या, "यंदा तरी सामन्यांची ढाल येणार का?" ढाल आली नाही. पहिल्या कप्तानासारखा सूर मारणारी मुलगी परत मिळाली नाही. एकदा शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी म्हणालं, "पूर्वीचा संघ कसा कणखर होता. आता लाडावल्यात मुली." मी पुढची वही उघडली.

मधे मला टायफॉइड झाला आणि मी अडीच महिने घरी होते. परत आले तर खांब नव्हता, पण नव्या मुलींना थोरल्यांची दप्तरं स्टेशनपर्यंत वाहून न्यायला लागत होती. एकीच्या दोन्ही खांद्यांवर मिळून पाच दप्तरं. कळव्याची मुलगी तेव्हा अकरावीत होती. "मी दोन दिवस ओरडले त्यांना," ती म्हणाली, "मग अभ्यास होता बाई." पायांत जोर नव्हता, मी दगडावर बसले आणि मुलींना बोलावून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. दप्तर जिचं तिने न्यायचं. पाणी थोरल्यांनी भरायचं. शेवटची मुलगी जाईपर्यंत मी इथे आहे.

कळव्याची मुलगी पुढे मॅट्रिक झाली, मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेली. निरोपाला आली तेव्हा पाया पडली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही त्या दिवशी मोठ्या बाईंकडे गेला नाहीत." कुठला दिवस ते दोघींना माहीत होतं. मी म्हटलं, "नीट राहा." तिचं भलं झालं याचं मला बरं वाटलं. पण ज्या शहाणपणाने मी तिला वाचवलं, ते मला जिच्यामुळे आलं, त्या पहिल्या कप्तानाची अकरावी राहिली ती राहिलीच. ते कशाने भरून निघेल, हे मला आजवर कळलेलं नाही.

सातव्या वर्षी शाळेला व्यायामाच्या बाई मिळाल्या. तरुण, रीतसर शिकून आलेल्या, गळ्यात शिट्टी. मोठ्या बाईंनी मला संघ त्यांच्या हवाली करायला सांगितलं. मी त्यांना मैदान दाखवलं, नळ दाखवला, कपडे बदलायची खोली दाखवली. कोण मुलगी कोणावर नेमलेली आहे ते सांगितलं.

"आणि सराव संपल्यावर थांबायचं," मी म्हटलं. "सगळ्या जाईपर्यंत."

"रोज?"

"रोज."

त्यांनी मैदानाकडे पाहिलं. मुली पाट्यांवर बसायला लागल्या होत्या. "मला साडेसहाची गाडी असते बाई डोंबिवलीची," त्या म्हणाल्या.

"त्यानंतरचीही असते," मी म्हटलं.

त्या हसल्या. थांबल्या की नाही, किती दिवस थांबल्या, हे मी मुद्दाम कधी बघायला गेले नाही. त्या दिवशी मी पाचलाच घरी आले. सासूबाई दारातच म्हणाल्या, "एवढ्यात? बरं नाही का?" मी म्हटलं, बरं आहे. पोळ्या मी करते. आणि करायला उठायच्या आधी जरा आडवी झाले, ती थेट नवऱ्याने दिवा लावला तेव्हा उठले.